साखरेच्या डब्याचं झाकण

नानांचा देवावर होता तेवढाच विश्वास आणखी एका वस्तूवर होता, आणि ती वस्तू पुढच्या खोलीतल्या कपाटावर हिरवे दिवे लुकलुकवत बसलेली असायची. राऊटर. इंटरनेटची तार भिंतीतून येऊन त्याच्यात शिरायची आणि तिथून इंटरनेट घरातल्या सगळ्यांना वाटलं जायचं. तो घरात आला त्या दिवशी नानांनी त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला, नको ती सगळी दारं बंद केली आणि जेवायला बसल्यावर घराला व्याख्यान दिलं. राऊटरमध्येच फायरवॉल असते. आतल्या कुणी बोलावल्याशिवाय बाहेरचं कुणी आत पाऊल टाकू शकत नाही. तेव्हा आता निवांत झोपा.

"मग आजपासून दाराला कडी नको ना लावायला?" आजीने विचारलं. ती नानांची बायको. नात झाल्यापासून सगळं घर तिला आजी म्हणायचं, नानासुद्धा.

"तुला कळायचं नाही ते," नाना म्हणाले.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढं मला कळतं," आजी म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

नानांचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. बाहेरच्या खांबांवरून आलेल्या हजारो तारा तिथे एका उंच लोखंडी चौकटीवर यायच्या. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला प्रत्येक तारेला एक छोटा फ्यूज असायचा, म्हणजे खांबावर वीज पडली तरी ती तिथेच थांबावी. त्या फ्यूजच्या पलीकडे, आतल्या बाजूला, कसलंही संरक्षण नव्हतं. लागतच नव्हतं. बाहेरची बला बाहेर, आत सगळं आपलं, हे नाना विशीत शिकले आणि तेच घेऊन निवृत्त झाले. शिकले ते काही खोटं नव्हतं. पण तारांना सासर-माहेर नसतं, एवढं त्यांच्या ध्यानात यायचं राहिलं.

त्यांची एकुलती एक लेक दोन बॅगा आणि सात वर्षांची खारू घेऊन माहेरी आली, ती परत न जाण्यासाठी. खारू हे नातीचं घरातलं नाव. बिस्किट असो की पेन्सिल, समोरचं काहीही कुरतडायची म्हणून पडलेलं. आल्यावर पहिले काही दिवस लेक काहीच बोलली नाही. मग एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडताना तिने सांगितलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मारहाण नव्हती. शिवीगाळ नव्हती. म्हणून तर आपल्याला होतंय काय, हे बरीच वर्षं तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने दुपारी मैत्रिणीला काही लिहावं आणि रात्री जेवताना नवऱ्याने नेमका तोच विषय काढावा. तिने कुठल्या तरी डॉक्टरचा पत्ता शोधावा आणि त्याने विचारावं, "बरं नाही का वाटत?" जावई कॉम्प्युटरमधला माणूस. त्या घरातला राऊटर त्याच्या हातात होता, तिचा लॅपटॉप त्यानेच घेऊन दिलेला होता, आणि कोणी काय पाहिलं, कुठे लिहिलं, हे तो शांतपणे वाचत बसायचा. ओरडायचा नाही. नुसतं माहीत असायचं त्याला.

"कुंपणच शेत खायला लागलं म्हणायचं," आजी म्हणाली. एक्स्चेंजमध्ये लाइन तपासताना कुणाचं बोलणं कानावर पडलं तर ते तिथेच सोडून द्यायचं, हा त्यांनी जन्मभर पाळलेला नेम होता. दुसऱ्याचं ऐकणारा माणूस त्यांना चोरापेक्षा हलका वाटायचा. तसला माणूस आपण हौसेने जावई करून घेतला, ही गोष्ट त्यांना फार लागली.

लेकीच्या वकिलीणबाईंनी मध्ये पडून ठरवून दिलं की खारूने दर रविवारी सकाळी बापाशी बोलायचं, आणि त्या वेळी घरातलं कुणीतरी शेजारी बसायचं. पहिल्याच आठवड्यात जावयाने एक टॅब पाठवला. लेकीला नीट बघता यावं म्हणून, असं सोबत लिहिलं होतं. परत पाठवला तर तेच उद्या कोर्टात आपल्या विरुद्ध दाखवतील, असं वकिलीणबाई म्हणाल्या. तेव्हा तो ठेवून घेतला. नानांनीच तो राऊटरला जोडला. घराचा पासवर्ड स्वतःच्या बोटांनी त्यात घातला.

"बोलणं झालं की बंद करून खणात ठेवत जा," लेक म्हणाली.

काही रविवार तसं झालं. मग खारूला त्यात चित्रं काढायचा नाद लागला. निळ्या रंगाच्या खारी, शेपटी अंगापेक्षा मोठी. ती खणापाशी येऊन नुसती उभी राहायची आणि नानांकडे बघायची. नातीला नाही म्हणणं नानांना कधी जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही. टॅब नानांच्या पलंगाशी चार्जिंगला लागू लागला. लेकीला हे ठाऊक नव्हतं, कारण ती दिवसभर वर असायची, खाली आली तरी कामापुरती.

वरच्या खोलीत तिचं काम चालायचं. चादरी आणि पडद्यांवर जी नक्षी छापतात ती लेक काढायची. पानं, वेली, ठिपके. आधी कागदावर हाताने, मग तो कागद स्कॅन करून, इथे आल्यावर स्वतः घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर रंग भरायचे आणि कारखान्याला पाठवायचं. हात चांगला होता तिचा, आणि माहेरी आल्यापासून काम वाढतही होतं. स्कॅनर मात्र खाली, नानांच्या टेबलावर. नानांच्या कॉम्प्युटरवर त्यातून चित्र आपोआप जाऊन पडायचं. लेकीच्या लॅपटॉपवर जायचं नाही. ती कागद घेऊन खाली यायची, स्कॅन करायची, पेन ड्राइव्हवर घालायची, पुन्हा वर. रेघ चुकली की पुन्हा खाली.

"मी बघू का जरा? पाच मिनिटांचं काम आहे," नाना म्हणायचे.

"राहू दे, नाना. चालतंय माझं."

चालतंय म्हणजे काय चालतंय, हे नानांना दिसत होतं. जिने चालताहेत. ज्याने शहरभराचे फोन जोडले, त्याच्या घरात स्कॅनर आणि लॅपटॉप यांचं एकमेकांशी बोलणं नसावं, ही त्यांना स्वतःची नाचक्की वाटायची.

त्या सुमाराला लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली. लांबच्या एका गावातल्या कारखान्यात तिला कायमची नोकरी मिळत होती. ती तिथे जाऊन आली होती. खोली पक्की झाली, खारूच्या शाळेचं ठरलं, की सगळं सांगेन, तोवर कुठे बोलू नका, एवढंच म्हणाली. जावयाला पत्ता लागायच्या आत तिथे जाऊन बस्तान बसवायचं, मुलगी शाळेत रुळली की मग वकिलीणबाई काय ते रीतसर कळवतील, असा तिचा बेत होता. आधी कळलं तर तो तिथेही येईल, खोलीच्या मालकिणीशी गोड बोलेल, कारखान्यात ओळख काढेल, आणि पुन्हा सगळं त्याला माहीत असेल. लेकीला भीती माराची नव्हती. त्या माहीत असण्याची होती.

असेच एकदा ती कारखान्याच्या माणसांना भेटायला बाहेर गेली होती, आणि दुपारी तिचा फोन आला.

"नाना, एक काम कराल? वर माझ्या टेबलावर लॅपटॉप आहे. वेलीची फाईल पाठवायची राहून गेली. पासवर्ड सांगते."

तिने तो सांगितला. त्या घरातून आल्यापासून तिने तो कुणालाही सांगितला नव्हता, आईलासुद्धा नाही. नानांना ते जाणवलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा ऊर भरून आला.

त्यांनी फाईल पाठवली. इथेच उठले असते तर बरं झालं असतं. पण हाती आयताच लॅपटॉप होता, आणि स्कॅनरचं कोडं डोक्यात होतं. त्यांनी नेटवर्कचं पान उघडलं. नवीन नेटवर्कला जोडताना कॉम्प्युटर एकदा विचारतो, हे घरचं आहे की सार्वजनिक ठिकाणचं? घरचं म्हटलं की तो घरातल्या बाकीच्या यंत्रांना ओळख दाखवतो. सार्वजनिक म्हटलं की स्वतःची फायरवॉल घट्ट करून गप्प बसतो, शेजारी कोण आहे तेही बघत नाही. स्टेशनवर, हॉटेलात बसल्यावर तसं करायचं असतं.

लेकीने सार्वजनिक निवडलं होतं.

नाना बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. बापाचं घर, आणि हिने ते धर्मशाळेच्या रांगेत बसवलं. मग त्यांनीच तिची समजूत घातली, मनातल्या मनात. पोर घाईत होती, भलतंच बटण दाबलं गेलं असेल. त्यांनी ते बदलून घरचं केलं. तरी स्कॅनर बोलेना. मग त्यांनी लॅपटॉपची फायरवॉलच बंद केली. राऊटरवर आहे की एक, दोन कशाला? मग स्कॅनर पासवर्ड मागायला लागला, तेव्हा त्यांनी तिच्या कामाचा मोठा फोल्डर घरातल्या कोणत्याही यंत्राला बिनपासवर्ड उघडेल असा करून टाकला. त्या फोल्डरच्या आत काय आहे, हे त्यांनी पाहिलं नाही. दुसऱ्याचं वाचायची त्यांना सवय नव्हती. खाली जाऊन कोरा कागद स्कॅनरवर ठेवला, वर येऊन पाहिलं, तर तो कोरा कागद लॅपटॉपवर येऊन पडलेला. नानांना पोरासारखा आनंद झाला.

लेक दमून आली, म्हणून त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती वर गेलीच नाही, खारूला ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कागद घेऊन खाली आली तेव्हा नानांनी तो तिच्या हातातून घेतला, स्कॅनरवर ठेवला आणि म्हणाले, "पेन ड्राइव्ह राहू दे. वर जाऊन बघ."

ती गेली. नाना मागोमाग गेले, शाबासकी घ्यायला.

लेक लॅपटॉपसमोर उभी होती. बसली नव्हती.

"हे कुणी केलं?"

"मी. आता जिने चढायला नकोत."

"कधी?"

"परवा. तू फोन केला होतास ना, तेव्हा."

ती खाली बसली आणि भराभर एकेक गोष्ट बंद करत गेली. फोल्डर बंद. फायरवॉल चालू. घरचं होतं ते पुन्हा सार्वजनिक. नाना मागे उभे राहून बघत होते, आणि प्रत्येक टिचकीसरशी त्यांचा चेहरा उतरत होता.

"खारूचा टॅब कुठे आहे?" तिने विचारलं.

"खाली. चार्जिंगला."

"खणात नाही?"

नानांनी मान हलवली.

"परवापासून चालू आहे?"

"अगं, चित्रं काढते ती त्यात. आणि राऊटर आहे ना आपला. बाहेरचं कुणी आत येऊच—"

"नाना, बाहेरचं कोण म्हणतंय?" तिचा आवाज चढला नव्हता. "आई साखरेच्या डब्याला झाकण का लावते? घराला तर कुलूप असतं आपल्या."

"मुंग्या लागतात म्हणून."

"मुंग्या कुठे असतात?"

नानांना उत्तर ठाऊक होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. त्याऐवजी ते रागावले. दुखावलेला म्हातारा माणूस रागावतो तसे रागावले. पोरीच्या खेळण्यातून हेरगिरी करणारा बाप असतो का कुठे, म्हणाले. दुधाने तोंड पोळलंय म्हणून तू ताकही फुंकून पितेस, म्हणाले. बापाच्या घराला परकं मानलंस, हेही म्हणाले.

"असेल तसं," लेक म्हणाली. "कदाचित काही झालंही नसेल."

तिने खाली येऊन टॅब बंद केला आणि खणात ठेवला. खारू थोडी रडली.

दुपारी सगळे आपापल्या जागी गेल्यावर नानांनी राऊटरचं पान उघडलं. घरातल्या कुठल्या यंत्राने किती पाठवलं, किती घेतलं, ते तिथे दिसतं. टॅबपुढचा आकडा त्यांनी पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. निळ्या खारींना एवढं लागत नाही. आणि ते घेतलेलं नव्हतं, पाठवलेलं होतं. त्यांचा राऊटर बाहेरून येणाऱ्याला अडवत होता, पण आतून जाणाऱ्याला सलाम ठोकून दार उघडत होता. घरातला आहे म्हटल्यावर तो त्याला विचारणार तरी काय? काहीतरी अपडेट असेल, असं नानांनी स्वतःला समजावलं आणि पान बंद केलं. लेकीला सांगितलं नाही. रविवारपर्यंत अन्न मात्र त्यांना गोड लागलं नाही.

रविवारी खारू टॅब घेऊन पुढच्या खोलीत बसली. शेजारी नाना. लेक धुतलेले कपडे घड्या घालत आतल्या दारात होती, जावयाला दिसणार नाही अशी.

"नमस्कार, नाना. तब्येत बरी ना?" जावई हसून म्हणाला. नेहमीसारखा, अदबीने.

"बरी आहे."

मग तो खारूशी बोलला. ताप गेला का? ताप आला होता हे तिने त्याला सांगितलेलं नानांनी तरी ऐकलं नव्हतं. चित्र दाखव बघू. दात हलतोय अजून? खारू भडाभडा बोलत होती, आणि नानांना वाटू लागलं की झालं, संपलं, काहीच नव्हतं.

"आणि नव्या खोलीत गेलीस की एक ऐकायचं हं," जावई म्हणाला. "खिडकीतून ती पाण्याची मोठी टाकी दिसते ना, तिला शिडी आहे. त्या शिडीवर चढायचं नाही."

"कुठली टाकी?" खारूने विचारलं.

"आईला विचार. आईने फोटो काढलेत छान."

नानांना ना टाकी ठाऊक होती ना खिडकी. घरात ती फक्त एकाच माणसाला ठाऊक होती. त्यांनी दाराकडे पाहिलं. लेकीच्या हातात खारूचा फ्रॉक होता. तिने तो शांतपणे पूर्ण घडी घातला, बाकीच्या कपड्यांवर ठेवला आणि ती जिन्याकडे गेली.

"बाबांना सगळं ओळखता येतं," खारू नानांना कौतुकाने म्हणाली.

नाना वर गेले तेव्हा लेक जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली होती. खोली सोडल्याचं मालकिणीला कळवून झालं होतं. कारखान्याचं नावही त्या फोटोंच्याच फोल्डरमध्ये होतं, तेव्हा नोकरीही गेल्यातच जमा होती. नाना दोन पायऱ्या खाली थांबले. त्यांनी राऊटरवर पाहिलेला आकडाही सांगून टाकला, आणि तो लपवल्याचंही.

"माझं चुकलं, बाळा," ते म्हणाले. "मी जाऊन त्याची गचांडी धरतो."

"नको. त्याला तेच हवंय. म्हातारा घरी येऊन मारामारी करतो म्हणेल."

"मी तुझ्या भल्यासाठी—"

"मला माहीत आहे, नाना," ती म्हणाली. "तोही माझा लॅपटॉप मला न विचारता उघडायचा. तुम्हीही न विचारता उघडलात. त्याच्या मनात काय होतं आणि तुमच्या मनात काय होतं, मला कळतं. पण लॅपटॉपला ते कळत नाही ना. त्याच्यासाठी दोन्ही सारखंच."

ती हे रागाने म्हणाली असती तर नानांना सोसलं असतं. ते पायरीवर बसले आणि रडले. लेक उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. कितीतरी वेळ दोघं तिथे बसून होती, आणि खालून आजीने जेवायला हाका मारल्या तरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. टॅब वकिलीणबाईंच्या ऑफिसात जमा झाला, काय घडलं ते त्यांनी लिहून घेतलं, आणि रविवारचं बोलणं तिथूनच होऊ लागलं. नाना लेकीच्या दारावर टकटक करून "येऊ का?" विचारू लागले. पहिल्यांदा विचारलं तेव्हा खारू हसली होती. आणि एका संध्याकाळी ते आपली खुर्ची लेकीच्या टेबलाशी ओढून बसले.

"मला शिकव," म्हणाले.

तिने शिकवलं. राऊटरची फायरवॉल वेशीवर असते. प्रत्येक कॉम्प्युटरची आपापली फायरवॉल आपापल्या दाराशी. वेशीवरचा पहारा सुटला तर दारावरचा असावा, आणि आत शिरलेला कुणी वेशीतून आलाच नसेल, पाहुण्याच्या पिशवीतून आला असेल, तर दारावरचाच काय तो उपयोगी. दोन्ही हवेत. एक आहे म्हणून दुसरा काढायचा नाही. एखादा प्रोग्रॅम परवानगी मागेल तेव्हा तो कोण, कशाला मागतोय, हे कळल्याशिवाय हो म्हणायचं नाही. नाना शाळकरी मुलासारखे मान डोलावत होते. मग खाली जाऊन त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरही घरचं पुसून सार्वजनिक केलं. स्कॅनर त्यांच्याशीही बोलेनासा झाला. दोघंही स्कॅनरलाच पेन ड्राइव्ह लावू लागले, आणि लेकीचा तो वर नेऊन द्यायला नानाही जिना चढू लागले.

"एवढं शिकून शेवटी दोघं जिनेच चढताय," आजी म्हणाली.

"चढतोय," नाना म्हणाले.

लेकीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरा कारखाना, दुसरं गाव, दुसरी खोली. या वेळी फोटो काढले नाहीत. शाळा सुरू व्हायच्या आधी सगळं जमलं. गाडी दाराशी उभी होती, आजी खारूच्या वेण्या घालत होती, आणि लेक नानांच्या टेबलाशी आली.

"नाना, पत्ता सांगते. तुमच्यापाशी असू दे."

ती काय देत होती ते नानांना कळलं. त्या पासवर्डपेक्षा मोठं होतं ते. ते घ्यावं असं त्यांना इतकं वाटलं की हात पुढे झालाच होता. तो त्यांनी मागे घेतला.

"मला सांगू नको."

"अहो!" आजी वेणी सोडून उठली. "पोटच्या पोरीचा पत्ता नको? वेड लागलंय का तुम्हाला?"

"आजी, तू तो फोनमध्ये ठेवशील. मी कॉम्प्युटरवर ठेवीन. नाहीतर कुणीतरी गोड बोलेल आणि माझ्या तोंडून निसटेल. मी स्वतःला ओळखतो." मग ते लेकीकडे वळले. "जे माझ्यापाशी नाहीच, ते माझ्याकडून कुणी नेणार नाही. सगळं रीतसर झालं की सांग. तोवर तू फोन कर, आम्ही नाही करणार."

लेकीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि गाडीवाल्याने भोंगा वाजवेपर्यंत सोडला नाही. खारू मागच्या काचेतून हात हलवत होती, दुसऱ्या हातातली पेन्सिल कुरतडत. गाडी कोपऱ्यावरून डावीकडे वळते की उजवीकडे, ते दिसायच्या आत नाना घरात आले.

दिवस गेले. लेकीचा फोन यायचा, तिचा ती करायची. मग एका दुपारी जावयाचा आला.

"नमस्कार, नाना. तब्येत बरी ना?"

"बरी आहे."

"खारू कुठे असते हल्ली? मला काळजी वाटते हो. मी बाप आहे तिचा."

"मला माहीत नाही."

तो हसला. "सख्ख्या आजोबांना माहीत नाही? हे कुणाला सांगताय?"

"खरंच माहीत नाही," नाना म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, आणि पलीकडच्या माणसाला खोटं ओळखायची जन्माची सवय होती. "ती सांगायला आली होती. मीच नको म्हटलं."

पलीकडून फोन ठेवला गेला.

नानांनी मान वर केली तेव्हा आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"चांगलं बोललात," ती म्हणाली. मग जवळ येऊन, घरात दुसरं कुणी नसताना, आवाज उतरवून तिने विचारलं, "पण तुम्हाला ठाऊक आहे ना हो? लेकीने हळूच सांगितलं असेल ना तुम्हाला?"

"नाही गं."

आजी त्यांच्याकडे बघत राहिली.

"मला आपलं वाटत होतं, तुम्ही माझ्यापासून लपवताय," ती म्हणाली. "निदान तुम्हाला तरी ठाऊक आहे, म्हणून मला झोप लागत होती."

नानांनी शेजारची खुर्ची ओढली. आजी तिच्यावर बसली, आणि संध्याकाळचा दिवा लावायची वेळ झाली तरी दोघं तशीच बसून होती.